स्वयंपाकघराची पैज

माझ्या बोटांच्या सांध्यांना सूज चढली, तेव्हा सुनेने दोष दिला तो माझ्याच हातच्या तळणाला आणि गोडाला. उभ्या जन्मात माझ्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली नव्हती. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "महिनाभर तू शिजवशील तेच खाते. बोटात रुतलेली ही अंगठी निघाली, तर स्वयंपाकघर तुझं. नाही निघाली, तर पुन्हा ढवळाढवळ करायची नाही." आज महिना भरला. सकाळी भांडी घासताना अंगठी सुळकन साबणाच्या पाण्यात गेली. मी ती गुपचूप पुन्हा बोटात सरकवली. दुपारी सगळे जेवायला बसले आणि सून पुढ्यात येऊन उभी राहिली. "आई, हात बघू." "उष्टा आहे." "डावा बघू. अंगठी त्यातच आहे." मुलाचा घास हातातच राहिला. आमचे हे म्हणाले, "दाखव की गं. जीभ कधी लपवली नाहीस, हात कशाला लपवतेस?" सुनेने माझं मनगट धरलं, तशी मी मूठ आवळली. तिने बोटं सोडवायला घेतली. मी आणखी घट्ट आवळली. अंगठी निघाली की माझं राज्य गेलं. एकाएकी तिने हात सोडला आणि ती हळूच म्हणाली, "आई, महिन्यापूर्वी तुम्हाला ही मूठ वळताच येत नव्हती." मी खाली पाहिलं. चारही बोटं तळव्याला टेकली होती, आणि कुठे कळ नव्हती. "मीठ तेवढं मला विचारून घालत जा," मी म्हटलं.