मीकर

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मंडल अधिकारी रजनी भालेकर नेरे गावात तारेच्या कुंपणासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "रस्ता कुठं आहे?"

कुंपणापलीकडे नांगरलेलं रान होतं. मधोमध एक उंबर. रस्ता नव्हता.

"न्हवताच कधी," विलास म्हणाला. रान त्याचं. मार्चमध्ये त्याने कुंपण घातलं, आतली जमीन नांगरून एकसारखी केली आणि बाहेर 'प्लॉट विकणे आहे' असा फलक लावला.

"मी लगीन होऊन आले ती ह्याच वाटंनं," सगुणाबाई म्हणाली. रानामागे चार घरं आहेत. त्यांतलं एक तिचं. कुंपण घातल्यापासून चारही घरं ओढ्याच्या कोरड्या पात्रातून ये-जा करत होती. जूनमध्ये ओढा भरतो. मग दूध बाहेर जाणार नाही, आजारी माणूसही नाही. आज मे महिन्याची एकोणीस तारीख होती.

भालेकरांनी नकाशा उघडला. नकाशात रस्ता नव्हता. अशा वेळी वहिवाट दाखवावी लागते. लोक इथून खरोखर जात होते, याचा पुरावा द्यावा लागतो. त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांकडे पाहिलं. बंडोपंत विलासचा चुलतभाऊ. तो उंबराकडे बघत राहिला. बहिरू सहा वर्षं याच वाटेनं दूध न्यायला यायचा. त्याच्या मारुंजीच्या जमिनीला गिऱ्हाईक विलास आणणार होता.

"मला काय ध्यानात न्हाई," बहिरू म्हणाला.

"माझ्याकडे फोटो आहेत," गौतमी म्हणाली.

गौतमी सगुणाबाईची मुलगी. हिंजवडीत एका कंपनीत कामाला. तिची कॅब उंबरापर्यंत आत यायची. रोज सकाळी सात चाळीसला ती तिथं उभी राहायची, स्वतःचा फोटो काढायची आणि फेसबुकवर टाकायची. तीन वर्षं. नवा कुर्ता, नवे कानातले, काहीच नवं नसेल तर नुसता चेहरा. दुसऱ्या कुणाचा फोटो नाही, दुसरी कसली बातमी नाही. विलासनेच दुकानाच्या कट्ट्यावर तिचं बारसं केलं होतं. "पुण्याचा पुणेकर, नेऱ्याचा नेरेकर. हिचं गाव एकच, मी. तवा ही मीकर." नाव चिकटलं. पुढे गावात स्वतःचेच फोटो टाकणारा जो तो मीकर झाला. लग्नाच्या पंगतीत वाढपी ओरडायचे, "ह्या वळीत दोन मीकर हायेत, जरा तोंडाकडं बघून वाढा!"

भालेकरांनी फोन हातात घेतला. एक फोटो, दुसरा, विसावा. सगळीकडे गौतमी. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग तिच्या चेहऱ्याने व्यापलेला. कानामागे थोडी लाल माती, कुठे एखादी फांदी. बाकी सगळं धूसर.

विलास हसला. "मॅडम, ह्यातनं हिच्या तोंडाचा सातबारा निघंल. रस्त्याचा न्हाई."

बंडोपंतही हसला. सगुणाबाईने मान खाली घातली.

"माती कुठलीही असू शकते," भालेकर म्हणाल्या. "ही जागा हीच, हे यावरून कसं ठरवायचं?"

"फोटो नका बघू मॅडम. गेल्या वर्षीचा, नऊ फेब्रुवारीचा काढा. खालच्या कमेंट वाचा."

सगुणाबाईने दचकून मुलीकडे पाहिलं. त्या दिवशी घरात भांडण झालं होतं. ते पुसून टाक, सगळं गाव वाचतंय, असं ती रडून म्हणाली होती. गौतमीने पुसलं नव्हतं. त्याचं कारण तिने तेव्हाच सांगितलं होतं आणि ते खरं होतं. कमेंट पुसली की आकडा कमी होतो. त्या फोटोवर एकशे एक कमेंट होत्या. तिला तो आकडा मोडायचा नव्हता.

भालेकरांनी वाचलं. मग पुन्हा, मोठ्याने वाचलं.

"'मीकर, जरा बाजूला सरक की! माझा उंबर आणि तुमचा रस्ता तरी दिसू दे लोकांना.'" त्यांनी मान वर केली. "हे खातं कुणाचं?"

नाव विलासचं होतं. शेजारी फोटोही विलासचाच, गळ्यात हार घातलेला.

"गमतीत लिवलं व्हतं," विलास म्हणाला.

"उंबर तुमचाच ना?"

"व्हय."

"रानात दुसरा उंबर आहे?"

बहिरूने घसा खाकरला. "मॅडम, मला आता जरा जरा आठवाया लागलंय."

"अरं वा," सगुणाबाई म्हणाली. "बदाम खाल्लेस वाटतं."

बारा वाजता पंचनामा लिहून झाला. कमेंट दुसऱ्या पानावर शब्दशः उतरवली आहे. तारीख आणि वेळ पुढे. विलासने ती लिहिल्याचं मान्य केलं, म्हणून खाली त्याची सही आहे. दुपारी तीन वीसला मूळ कमेंट फेसबुकवरून नाहीशी झाली. फोटोखाली आता शंभर कमेंट आहेत.

कागद तहसीलदारांकडे गेला आहे. आदेश आलेला नाही. कुंपण जागेवर आहे, ओढा अजून कोरडा आहे.

बुधवारी सकाळी सात चाळीसला गौतमीचा नवा फोटो आला, कुंपणाच्या बाहेरून काढलेला. त्यात मधोमध उंबर आहे, आणि ती बाजूला सरकून उभी आहे.