दाट कांजी

तनयाने रिकामी वाटी पुन्हा पुढे केली. "आजा, पानी."

चिंधू खूश झाला. सकाळी जुलाबांनी मान टाकून पडलेली तीन वर्षांची नात आता घटाघट पीत होती. त्याने साखर-मिठाची आणखी एक पुडी फोडून वाटीत ओतली, वर बेताचंच पाणी घातलं. सून सोनल दापोड्याच्या गोदामात ड्युटीला जाताना बजावून गेली होती, "बाबा, एका पुडीला लिटरभर पाणी."

लिटरभर! चिंधूला हसूच आलं होतं. त्याचा जन्म सायझिंगमध्ये गेला होता. सूत लूमवर चढण्याआधी त्याला कांजी पाजायची, हे त्याचं काम. कांजी पातळ झाली की धागा तटातट तुटतो, हे भिवंडीत शेंबडं पोरही सांगेल. मग एवढ्याशा जिवाला पुळकवणी पाजून ताकद कुठून येणार? एक पुडी, एक वाटी. म्हातारा हट्टी खरा, पण नातीवर त्याचा फार जीव होता.

दुपार झाली तरी तहान भागेना. वाटीमागून वाटी गेली आणि ओठ सुकतच चालले. रडणं बारीक, चिरकं झालं. डोळ्यांत टिपूस येईना. तिने माठाकडे बोट दाखवलं.

"न्हाय बाय, नुसतं पानी न्हाय. त्यात काय हाय?" म्हणत चिंधूने वाटीच तिच्या तोंडाला लावली.

शेजारची धम्मदिना नर्स होती. शिफ्टवरून येताना रडणं ऐकून ती आत डोकावली. तिने पोरीचं अंग चाचपलं, वाटीत बोट बुडवून चाटलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काका, ही पुडी किती पाण्यात कालवली?"

"येक वाटी. चांगली दाट केलीय."

"अहो, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? अंगातल्या पेशींचं तसंच होतं. रक्तात मीठ वाढलं की ते पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. मेंदूतलंसुद्धा. तुम्ही पाजताय आणि ती वाळतेय!"

चिंधू माठाकडे धावला आणि तांब्या भरून घेऊन आला. धम्मदिनाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"आता हेही नको! सुकलेल्या पेशी एकदम पाणी ओढून फुगतात. मेंदू सुजला तर पोर हातची जाईल. आता डॉक्टर मोजून देतील तेवढंच. चला, रिक्षा बघते."

रिक्षा धामणकर नाक्यावर ट्रकांच्या मध्ये अडकली. मांडीवर तनया कण्हत होती, "पानी… आजा, पानी…" चिंधू तिच्या कपाळावरून हात फिरवत होता. सकाळपासून तिने मागितलं ते त्याने दिलं नव्हतं. आता द्यावंसं वाटत होतं, तर देता येत नव्हतं. ते कण्हणं सोसेना म्हणून त्याने डोळे गच्च मिटले.

पुढचा ट्रक हलला. रिक्षा दोन हात सरकली. आणि तनयाने पाणी मागायचं थांबवलं.