क्लॅरिनेटवाले आबा

"बंद कर ते! मढं उठल्यासारखं वाजतंय."

निंबाआबा दारातूनच खेकसले. हर्षदाने मोबाईलचा आवाज कमी केला, बंद मात्र केला नाही. सासऱ्यांची ही रोजचीच कटकट होती.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या रस्त्यांवर वाजायचा तो जॅझ ती एआयकडून बनवून घेत होती. पुढे कॉर्नेट, वर क्लॅरिनेट, मागे बँजो, जुन्या तबकडीची खरखर, असं लिहायचं. ऐकायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. सुरतेतल्या वेसूला हॉटेलवाला हितेशभाई जुन्या जॅझचं रेस्टॉरंट काढत होता. गाणी पसंत पडली की त्याच्या सगळ्या हॉटेलांचं संगीत हर्षदाकडे येणार होतं. मग साड्यांना खडे चिकटवणं कायमचं सुटलं असतं. त्या गोंदाच्या वासाने तिचे डोळे जायची वेळ आली होती.

"दम कुठंय यात?" आबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. लाल कोट, सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेट, आबा पहिल्या रांगेत. "धुळ्यापासून सुरतेपर्यंत वराती केल्या मी! मालक म्हणायचा, निंबा, तू नसलास तर बँड भरल्यासारखा दिसत नाही."

"मग एकदा वाजवून दाखवा ना, आबा."

"घरात फुंकत नसतात!"

लग्न होऊन आल्यापासून ती हेच ऐकत होती. रोज सकाळी ते क्लॅरिनेट फडक्याने लखलखीत पुसायचे आणि पेटीत ठेवून द्यायचे. म्हाताऱ्याला दुसरं काम काय! नाकाने कांदे सोलायचे आणि सुनेचा जीव खायचा.

हितेशभाईकडे जायच्या दिवशी तेही रिक्षात चढून बसले. अंगात लाल कोट, मांडीवर पेटी.

गाणं सुरू झालं तसा हितेशभाई मान डोलावू लागला. "बहु सरस, बेन!"

"बठ्ठं डुप्लिकेट शे, सगळं नकली," आबा मध्येच म्हणाले. "शेठ, क्लॅरिनेटवाल्याचे गाल फुगतात, छाती भरून येते. मशीनला छाती आहे का? गिऱ्हाईक हसेल तुम्हाला."

"आबा, गप्प बसा!" हर्षदा ओरडली.

पण हितेशभाईची नजर कोटावर खिळली होती. "काका, शनिवारी उद्घाटन आहे. तमे वगाडशो? लाइव्ह?"

"वाजवीन की," आबा बोलून गेले.

"बस! मग मशीन कशाला? सॉरी, बेन."

परतताना रिक्षात हर्षदा त्यांच्यावर तुटून पडली. "माझ्या अन्नात माती कालवलीत तुम्ही. मेले तरी विसरणार नाही."



घरी आल्यावर तिने पुन्हा साड्यांचा गठ्ठा सोडला, गोंदाची बाटली उघडली. आबा तिच्यासमोर येऊन बसले. त्यांनी कोट काढला, पेटी उघडली आणि क्लॅरिनेट तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हर्षदा, शनिवारी तुझ्या मशीनला नुसतं क्लॅरिनेट वाजवायला लाव. मी तोंडाला लावून गाल फुगवीन."

"का? आता कुठे गेला तुमचा दम?"

"मालकाने मला रांग भरायला घेतलं होतं, पोरी. उंच होतो, कोट शोभायचा. फुंकायला कधी शिकलोच नाही."