धर्माचा रकाना

मंडळ कचेरीत अर्जातला फक्त धर्माचा रकाना कोरा राहिला होता. ‘हिंदू’ लिहिलं तर मार्थाला एससीचा दाखला आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगची जागा मिळणार. ‘ख्रिस्ती’ लिहिलं तर सगळंच गेलं! “लिव ना वं माय, कागदालेच तं सांगाचं हाय, देवाले थोडीच?” आई कुजबुजली. समोर अर्ज तपासणारे गिरदावरसाहेब, म्हणजे मंडळ अधिकारी, बसलेले.  मार्थानं ‘हिंदू’ लिहायला पेन टेकवलं आणि भीतीच्या भरात, परीक्षेत पेपर लिहिण्याआधीच्या सवयीनं, पेनासकट हात कपाळाकडे गेला, छातीवर आला, खांद्यांना लागला. क्रुसाची खूण! साहेबांनी पाहिलंच, पण माणूस दयाळू. “माशी हाकलली का, पोरी?” त्यांनी हळूच विचारलं. आईनं घाईघाईनं मान डोलावली. नुसतं ‘हो’ म्हटलं की सुटका!  “नाही साहेब,” मार्था कशीबशी म्हणाली, “क्रूस केला. आमी ख्रिस्ती हाव.”