म्हाताऱ्याची नक्कल

लाल कापड देऊन बदल्यात कातडी घेणारे दाढीवाले परके गलबतातून निघून गेले, तरी अतिकची नक्कल जुनी होईना. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यासारखा तो तीनदा कोरडं खोकायचा, मग शीळ घातल्यासारखा श्वास ओढायचा. शेकोटीभोवती सगळे पोट धरून हसायचे.

"पुरे रे मेल्या! पोर उठेल माझी," त्याची बहीण निपिन हसत म्हणाली. मनात मात्र तिला वाईट वाटलं. जाताना म्हाताऱ्यानं उलट्या मुठीनं डोळे पुसत तान्हीच्या कपाळाला लाल चिंधी बांधली होती. त्याचीही नात असेल कुठेतरी.

पुन्हा तीनदा खोकला, मग शीळ.

"अतिक, बास म्हटलं ना!"

"ताई, मी नाही गं."

निपिननं पाळण्यावरचं कातडं उचललं. तापानं फणफणलेली तान्ही उलट्या मुठीनं डोळे पुसत होती.