झाडलेलं अंगण

अंगणातल्या खड्ड्याच्या भिंतीवर टेप धरून भूगर्भशास्त्रज्ञ सुनेत्रानं थर मोजले. तळाशी राखेचा एकच पट्टा, त्यावर पुरुषभर माती. म्हणजे गेली पाचशे वर्षं हा ज्वालामुखी नुसता धुमसतोय, फुटलेला नाही. तिनं तसं लिहून दिलं आणि छावणीत हलवलेलं गाव पायथ्याशी परतलं. चुली पेटल्या, माणसं उतारावरच्या लवंगांच्या बागांत गेली.

अंगणाची मालकीण म्हातारी खराटा घेऊन आली आणि खड्ड्यात डोकावून हसायलाच लागली.

"राख इथं कशी सापडेल, पोरी?" दुभाष्यानं तिचं बोलणं सांगितलं. "डोंगर फुटला की आम्ही सगळी राख खरवडून समुद्रात सोडतो. दारात राख असली तर पितर घरी येत नाहीत. माझ्या आजीनं सोडली, तिच्या आजीनं सोडली."

"आधी का नाही सांगितलंत, आजी?" सुनेत्रानं विचारलं.

"तू मातीलाच विचारत होतीस."

जमीन गुरगुरली. दुभाष्या पळत सुटला. सुनेत्रा जिवाच्या आकांतानं ओरडली, पण बागा फार वर होत्या.

म्हातारीच्या पांढऱ्या केसांवर करडी भुकटी पडू लागली, तशी तिनं खराटा सरसावला आणि अंगण झाडायला घेतलं.