उभं केलेलं झाड

उन्हाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेलेली अग्राफेना ऑक्टोबरमध्ये सैबेरियातल्या घरी परतली, तर परसातलं सफरचंदाचं झाड ताठ उभं! बारा वर्षं तिने त्याच्या फांद्या लाकडी आकड्यांनी जमिनीलगत आडव्या खिळवून ठेवल्या होत्या. बर्फाच्या पांघरुणाखाली राहील तेच तिथे जगे, वर डोकावेल ते मरे. “आई, बिचारं दारुड्यासारखं लोळत होतं. उन्हाळ्यातच आकडे उपटून काठ्यांना बांधलं. आता सफरचंदं तोडायला वाकायला नको,” तिच्यामागे घर सांभाळायला दक्षिणेतून आलेला जावई ग्लेब अभिमानाने म्हणाला. तिने एक फांदी पुन्हा जमिनीकडे वाकवून पाहिली. ती कडकन मोडली. तिच्या मस्तकात तिडीक गेली. ओठांवर आलेली शिवी जावयाच्या मानाखातर गिळून तिने त्याच्या हातात फावडं दिलं. “जावईबापू, बर्फ इथे गुडघ्याएवढा पडतो. तुमचं झाड खांद्याला लागतंय. उरलेला तुम्ही रचायचा. रोज.” “पण उद्याचं तिकीट आहे माझं!” “एप्रिलचं काढा.”